क्लासवाल्यांचा वूफर

बाळांनो, तुमच्या आजोबांचे स्पीकर इतके जुने, तरी वाजतात कसे, असं तुम्ही फोनवर विचारलंत. सांगते, जरी त्यात माझी शोभा काही नाही.

भूकंपात लातूरचं आपलं घर शाबूत राहिलं, पण डावा स्पीकर कपाटावरून पडला. त्यातल्या वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या गोल भागाचा, कागदी पडदा फाटला. आजोबा त्या पहाटेपासून अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहू लागले. शेजारीपाजारी हळूहळू स्लॅबखाली परतले. दुसरा पावसाळा उलटला तरी हे जेवायलासुद्धा आत येईनात. मी समजावलं, रागावले, घर भक्कम आहे असं इंजिनिअरकडून मराठीत आणि इंग्रजीत वदवून घेतलं. काही उपयोग नाही. शेवटी वाटलं, गाणं पहिल्यासारखं वाजलं तर माणूस आत येईल. ही युक्ती मला इतकी आवडली की मी ती कुणालाच विचारली नाही.

लातुरात तसा वूफर मिळेना. गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि सगळे दुकानदार क्लासच्या हॉलमध्ये स्पीकर टांगण्यात गुंतलेले. "इतकं जुनं कोण ठेवतंय, ताई? नांदेडला बघा." मी फाटका वूफर भरतकामाच्या अभ्र्यात घालून एसटीत मांडीवर घेतला. शेजारच्या बाईनं हळूच विचारलं, "लेकरू हाय का?"

"नाही, वूफर."

"असू द्या," ती समजुतीनं म्हणाली.

नांदेडच्या दुकानदारानं वूफर उलटसुलट पाहिला. "आवाज कसा पायजे, ताई?"

मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. म्हणाले, "स्वच्छ हवा. शेवटच्या बाकापर्यंत शब्दन्‌शब्द पोचला पाहिजे."

"पण गाण्याला म्हणलं तर..."

"स्पष्ट उच्चार असले की बाकी सगळं आपोआप येतं," मी त्याला ऐकवलं.

"मग ह्योच घ्या. लातूरचे क्लासवाले ह्योच नेऊन राहिलेत. मागं झोपलेली पोरं बी जागी होतात."

घरी आणला, मापात बसला. मिस्त्रीकडून लावून घेतला, अंगणाकडची खिडकी उघडली आणि आजोबांची लाडकी ठुमरीची कॅसेट लावली. उजवीकडून बाई गात होत्या. डावीकडून त्याच बाई नाकात, खणखणीत, जणू डिक्टेशन देत होत्या. मला तर अभिमानच वाटला.

अंगणातून आवाज आला, "अगं, ही बाई गाऊन राहिली का गणित शिकवून राहिली?"

"शब्द बघा किती स्पष्ट आहेत!"

"शब्द हायेत, गाणं कुठंय? बंद कर ते!"

मी चिडले. नांदेडहून मांडीवर आणलेली वस्तू बंद करायची? आवाज आणखी वाढवला.

तसे ते चपलांसकट आत आले, स्पीकरपुढं गुडघे टेकून बसले, जाळीला कान लावला. बटणं फिरवली, खोकं भिंतीपासून ओढलं, मला यथेच्छ बोलले. "खर्ज मारून टाकलास पार!"

"हो," मी म्हणाले. इतक्या चटकन मी कधी काही कबूल केलं नव्हतं.

"स्क्रू ड्रायव्हर आण. आणि चहा."

चहा त्यांनी तिथंच, फरशीवर बसून घेतला. मध्येच एकदा त्यांची नजर वर छताकडे गेली आणि हात थांबले. मी कॅसेटची बाजू बदलली.