आधी वजन उतरवते

सोफे आणि खुर्च्यांना नवी गादी चढवणारं नवरा-बायकोचं ते दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. जुनं कापड उसवायचं, गंजलेल्या पिना उपसायच्या, सैल झालेले पट्टे ताणून पुन्हा ठोकायचे, वर फोम आणि कापड. नवरा कापड कापायचा, बायको पट्टे ताणायची. तिच्या हातात जोर होता. खुर्ची तयार झाली की तो गिऱ्हाइकासमोर तिला म्हणायचा, "बस गं जरा." ती बसायची आणि तो म्हणायचा, "हिचा भार सोसला ना, आता सात पिढ्या काळजी नको." गिऱ्हाईक हसायचं. तीही हसायची. नाही हसलं तर मनाला लागलं असं दिसतं, आणि ते तर आणखीनच लाजिरवाणं.

तिची आई अशीच होती, मावशीही. हवा खाल्ली तरी अंगाला लागते, असं आई म्हणायची. मुलगीही त्याच वळणावर गेली तेव्हा तिच्या ताटाकडे ही लक्ष ठेवू लागली. "पुरे आता," हे दोन शब्द ती रोज बोलायची. लहानपणी आईच्या तोंडून ते ऐकताना आपल्याला कसं व्हायचं हे पक्कं आठवत असूनही बोलायची.

पाळी जाऊन काही वर्षं झाली होती. एक दिवस अंघोळ करताना डाव्या छातीत हाताला गाठ लागली. चण्याएवढी, दुखत नव्हती. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडेच होता. पण तिथं मागच्या खेपेला ती घसा धरला म्हणून गेली होती, तेव्हा कंपाउंडरनं आधी तिला काट्यावर उभं केलं आणि आकडा आतल्या डॉक्टरांना ऐकू जावा म्हणून मोठ्यानं सांगितला. बाकावरची माणसं वळून बघू लागली. आत डॉक्टरांनी घसा बघण्याआधीच म्हटलं, "आधी वजन उतरवा, मग बोलू." धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं तिला झालं होतं.

म्हणून तिनं मनाशी ठरवलं, आधी वजन उतरवायचं, मग गाठ दाखवायची. घर अस्ताव्यस्त असताना पाहुण्यांना थोपवून धरावं, तसं.

ती अर्धपोटी राहू लागली. पहाटे चालायला जाऊ लागली. उन्हाळा सरला. अंगावरचे कपडे सैल झाले, गल्लीतल्या बायका "काय जादू केलीस?" म्हणून विचारू लागल्या. नवरा तर खूष. "आता खुर्च्या कशा तपासायच्या?" म्हणाला. ती हसली. गाठ मात्र हटली नव्हती, उलट वाढली होती. ती मूग गिळून बसली. अजून थोडं उतरू दे, म्हणत राहिली.

एका दुपारी पट्टा ताणताना ती कळवळली आणि हातोडी खाली पडली. मुलगी दुकानातच होती. तिनं आईला आत नेलं, छातीतली गाठ पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

तिथली डॉक्टरीण पन्नाशीची होती. तिनं आधी हात धुतले, ते एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग तपासलं. तपासण्या झाल्या. कर्करोगच निघाला.

"मी खादाड, म्हणून झालं का हो?" तिनं खाली मान घालून विचारलं. नवरा शेजारीच बसला होता.

"संबंध नाही असं म्हटलं तर खोटं होईल," डॉक्टरीण म्हणाली. "पाळी गेल्यावर अंगावरची चरबी एक हार्मोन तयार करते, त्यानं या रोगाचा धोका वाढतो. पण भूक किती लागावी, पोट भरल्याचं कधी कळावं, यातलं बरंचसं आईबापांकडून जनुकांतून येतं. ते काय तुम्ही दुकानातून मागून आणलं नाही. आणि या जनुकांचं गणितही सरळ नाही. काही अभ्यासांत तर अशी जनुकं असलेल्यांना हा रोग उलट कमीच होतो, असं निघालंय. या खुर्चीत काडीसारख्या बायकाही बसतात, ताई. तुमची गाठ कशानं झाली, ते कुणीच बोट ठेवून सांगू शकणार नाही."

मग डॉक्टरिणीनं विचारलं, "गाठ कधीपासून होती?"

"आत्ताच लागली हाताला," ती म्हणाली. नवऱ्यासमोर, मुलीसमोर, धडधडीत खोटं.

डॉक्टरिणीनं ते कागदावर लिहून घेतलं. "थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं. पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही."

शस्त्रक्रिया झाली, मग औषधं. केस गेले. नवरा डबा घेऊन यायचा, खाटेच्या पायाशी बसायचा. त्याला वाटायचं, तिला कळताक्षणी आपण धावलो. ती त्याच्या नजरेला नजर देत नसे. औषधांनी अंग पुन्हा सुजलं, उतरवलेलं सगळं परत आलं.

घरी परतल्यावर एका सकाळी मुलगी कपडे वाळत घालत होती. दोरीवर पाळीचे कपडे नव्हते; तिची पाळी कितीतरी महिने आली नव्हती, हे आईच्या तेव्हा लक्षात आलं.

"दाखवलंस का कुणाला?"

"दाखवीन गं. आधी दहा किलो उतरवते, मग जाते. नाहीतर ते काय म्हणतील माहितीय ना."

मुलीनं आईचं नाक घेतलं होतं, आईचा बांधा घेतला होता, आणि हेसुद्धा.

"मला उन्हाळ्याआधीच कळलं होतं," आई म्हणाली.

"काय?"

"गाठ. काट्यावर उभं राहायची लाज वाटली म्हणून गेले नाही. बारीक होऊन जाणार होते. तुझ्या बाबांनासुद्धा बोलले नाही."

मुलीच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. ती रागावेल, असं आईला वाटलं. ती रागावलीही. "मेली असतीस ना गं," एवढंच म्हणाली. मग आत जाऊन चप्पल घालून आली.

डॉक्टरिणीनं मुलीला तपासलं, गोळ्या दिल्या. "तुझ्या आईला झालंय, तेव्हा आता तू लवकर आणि नेमानं तपासत जायचं," असं बजावलं. काही महिन्यांनी मुलीची पाळी सुरळीत झाली. आईच्या तपासण्याही आजवर चांगल्या येत आहेत.

नवऱ्याला तिनं अजून सांगितलेलं नाही. मुलगीही बोललेली नाही. गल्लीतल्या बायका दुकानाशी थांबतात आणि म्हणतात, "धीराची गं बाई, किती सोसलंस." ती पुढ्यातल्या जुन्या खुर्चीवर वाकते आणि पिना उपसत राहते. वर बघत नाही.