वरून दिसलेलं तपासणारी नसीमा

नसीमा गेल्याचं तिच्या भावानं, सलीमनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर निघाले होते. आजार जुना, बातमी अनपेक्षित नव्हती... तरी त्या तासाला मी काय शिकवलं, आठवत नाही.

महाडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या वडिलांचे ट्रक होते. मुलगी भौतिकशास्त्र शिकायला पुण्याला जाणार म्हटल्यावर घरात कुरकुर झाली. ती भांडली नाही. प्रवेश घेऊन आली आणि अब्बांनाच सोडायला चला म्हणाली. पुढे तिथंच एका संशोधन संस्थेत लागली. हवेतली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून बाहेर पडत असते. उपग्रहावरचं उपकरण ती टिपतं, आणि त्यावरून कुठल्या उंचीवर हवा किती गरम, किती दमट, ते काढता येतं. ते आकडे खरे आहेत का हे पाहणं नसीमाचं काम.

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावरचे आकडे जमिनीवरच्या नोंदींशी जुळेनात. जमिनीलगतची हवा उपग्रहाला होती त्याहून थंड दिसत होती. एवढासा पट्टा वगळून टाका, असं वरिष्ठांचं म्हणणं. "तिथं माणसं राहतात," एवढंच बोलून ती हवेचं तापमान मोजणारी उपकरणं वर नेणारे फुगे घेऊन पोलादपूरला आली. कुडपणच्या पठारावर मीही सोबत होते. पहिला फुगा वाऱ्यानं करवंदीच्या जाळीत नेऊन फाडला. तिनं शांतपणे दुसरा भरायला घेतला. शेतावरून आलेल्या धोंडूकाकांनी विचारलं, "वरून समदं दिसतं, मग हितं कशाला आलात, ताई?"

"वरून दिसतं ते खरं हाय का नाय, ते बघायला," नसीमा म्हणाली.

दुसरा फुगा सरळ चढला. त्याच्या नोंदी उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यावर चूक निघाली ती तिच्याच गणितात... उघडा कातळ आणि झाडीची जमीन उष्णता सारखीच सोडतात, असं तिनं धरलं होतं. तिनं ते स्वतःच्या नावानं लिहून दिलं आणि आधीची सगळी आकडेमोड नव्यानं मांडली. मध्येच आजार कळला. मी रजा घे म्हटलं, तर म्हणाली, "माझ्या हातून चुकलंय, माझ्याच हातून सुधारू दे." उपचार चालू असतानाही ती कामावर जात राहिली. शेवटी आकडे जुळले, आणि ते तिनं पाहिले.

परवा तिच्या घरी गेले होते. तिची अम्मी तांदळाच्या भाकऱ्या करत होती. भाकरी टाकण्याआधी तिनं तव्यावर अधांतरी तळहात धरला. "नसीमानं दाखवलेलं गो," ती म्हणाली, "उपग्रह असाच बघतो म्हणायची, हात न लावता." हात थोडा वेळ तिथंच राहिला... मग तिनं भाकरी टाकली.