एका शब्दाचे दोन

मी शिकवते त्या जर्मनच्या वर्गात नर्स असलेली वैशाली यायची. एकदा मी सांगितलं, इंग्रजीत बसही ‘मिस’ होते आणि माणूसही. जर्मनमध्ये मात्र शब्द दोन आहेत. गाठ चुकली तर ‘फेरपासन’, आठवण येत राहिली तर ‘फेरमिसन’. तिने वडिलांवर वाक्य केलं आणि ‘फेरपासन’ वापरलं.

“इथे फेरमिसन हवं,” मी म्हणाले.

“नाही मॅडम. ड्युटी संपवून गावी पोचले, तेव्हा त्यांना स्मशानात नेलं होतं.”

इतकी वर्षं शिकवूनही या दोन शब्दांतलं अंतर मला तेव्हा कळलं. मी तिच्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली. तिने वही ओढून घेतली आणि खाली आपणहून दुसरं वाक्य लिहिलं, फेरमिसनचं.