वीरभद्र पेंटरचा बोर्ड

उदगिरात ‘बोर्ड’ हा शब्द ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे चालायचा. मास्तरांचा बोर्ड म्हणजे दहावीची परीक्षा, लाइनमनचा बोर्ड म्हणजे विजेचं खातं, आणि एसटीच्या कपाळावरची पाटी तीही बोर्डच. वीरभद्र पेंटरच्या लेखी मात्र बोर्ड म्हणजे पत्रा, आणि पत्र्यावर स्वतःचा हात. लाल अक्षर, त्याला निळी सावली, कोपऱ्यात कमळ. साधं काही लिहीन तर शपथ, असा गडी.

लातूर जिल्हा झाला आणि त्याचं नशीब उघडलं. शाळा, सोसायट्या, दवाखाने, सगळ्यांना ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ हवं होतं. गावात काही नवं सुरू झालं की आधी वीरभद्राचा बोर्ड लागे. लोकांच्याही ते अंगवळणी पडलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी आटलं. देवणीकडच्या एका गावात जुन्या विहिरीचं पाणी खराब निघालं, म्हणून ग्रामपंचायतीनं बोर्ड सांगितला. ‘हे पाणी पिऊ नये’ एवढंच लिहायचं होतं. वीरभद्रानं तो नेहमीच्याच थाटात रंगवला आणि धाडून दिला. त्याच गावात त्याची धाकटी बहीण गंगम्मा दिलेली होती.

आठवड्यानं निरोप आला. गंगम्माची चार वर्षांची रुद्राणी हगवणीनं उदगीरच्या सरकारी दवाखान्यात होती. वीरभद्र ब्रश टाकून धावला. पोरीचे डोळे पार खोल गेले होते, सलाइन चालू होतं. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

“कुठलं पानी पाजलंस गं?” त्यानं उशाशी बसलेल्या गंगम्माला विचारलं.

“जुन्या हिरीचं. तुझा बोर्ड वळखला की म्या, अण्णा. ते कमळ बघूनच. समद्या बायकांला सांगितलं, माझ्या अण्णाच्या हातचा हाय, सरकारनं हीर खुली केली. लई उड्या पडल्या.”

वीरभद्र शाळेत जायचा तेव्हा गंगम्मा घरी शेणकूर करायची. आपल्या बोर्डात तिला नुसते रंग दिसतात, हे इतक्या वर्षांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“पिऊ नका, असं लिवलं होतं त्याच्यावर,” तो कसाबसा म्हणाला.

गंगम्मानं मान वर केली. “मग त्याला येवढं नटवलं कशाला, अण्णा?”

विहिरीवर बायका अजून पाणी भरत असतील, हे वीरभद्राच्या डोक्यात आलं, आणि भाचीला तशीच सोडून तो स्टँडकडे पळत सुटला.