खोबरेल प्यायलेली पाच पिल्लं

इब्रामपूरच्या आमच्या घराण्यात डुकरं पाळणारी पहिली मीच. सासूबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "तुझ्या त्या डुकरांच्या खोपीत माझो पाय पडूचो नाय." नवरा मोपा विमानतळावर टॅक्सी चालवायचा. त्याने नुसतेच हात जोडले.

पहिल्याच वेताला डुकरीण दहा पिल्लं व्याली आणि तापाने फणफणली. पान्हा आटला. गुरांची डॉक्टरीण दुधाची पावडर देऊन गेली. म्हणाली, "जन्मतः यांच्या अंगावर चरबी नसतेच. ऊब राहते ती दुधातल्या स्निग्धांशाने. कोमट पाण्यात कालव आणि पाजत राहा."

मी वेडीच झाले. बशीतून दूध भुरकताना त्यांच्या शेपट्या अशा फिरायच्या की मला एकटीलाच हसू फुटायचं. खोप स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागूनच; पाच पिल्लं या कप्प्यात, पाच त्या. दूध एकच, माप एकच. तरी पंधरवड्यात स्वयंपाकघराकडच्या कप्प्यातली पाच भोपळ्यासारखी गरगरीत झाली! मला वाटलं, माझ्या हाताला गुणच आहे. मोठ्या थाटात मी डॉक्टरणीला बोलावलं.

तिने एकेकाची पाठ चाचपली. "ही चरबी आहे गो. मांस त्या सडसडीत पाचांएवढंच. यांना वेगळं काय घालतेस?"

"काहीच नाही!"

मागच्या दारात भांडं आपटलं. सासूबाई उभ्या होत्या. "माझ्याकडे बघतंस कित्याक? पोरां थंडीन कुडकुडत होती. दोन चमचे खोबरेल घातलंय दुधात, इख नाय घातलंय!"

खोपीत पाय टाकायचा नाही म्हणून त्या दारातूनच वाकून तेल ओतत होत्या. हात पोचायचा तो फक्त जवळच्या कप्प्यापर्यंत.

डॉक्टरीण हसून हसून खाली बसली. मग तिने समजावलं, "मावशी, ऊब मिळण्यापुरतं तेल पावडरीत आहेच. वरचं सगळं चरबी होतं. मांसाला प्रोटीन लागतं. आणि जास्त झालं तर हगवण लागेल."

"मगे थंडीचा काय?"

"गवत घाला, बल्ब लावा."

सासूबाईंनी पदर खोचला, गवताचा भारा उचलला आणि तरातरा थेट खोपीत शिरल्या. मी मधली फळी काढताच दहाच्या दहा पिल्लं त्यांच्या पायांत घुटमळली, लुगड्याचा काठ ओढू लागली. "अरे सोडा रे मेल्यांनो!" म्हणत त्या गवतावर फतकल मारून बसल्या, तशी दोन गरगरीत पिल्लं मांडीवर चढली. मी कुंपणाला धरून इतकी हसले की उचकीच लागली.