आबांनी लिहून दिलेला अर्ज

आमच्या घरात मुलीचं वजन पंचाहत्तर किलो असणं हीच मुळात लाजेची गोष्ट होती. देवासचं आमचं घर जुन्या दरबारी घराण्यांपैकी. दरबार कधीच गेला, माझे वडील, म्हणजे आबा, सरकारी कॉलेजात शिकवत. पण पंगतीत "आमच्या मुली नाजूक" हे अजून ऐकू यायचं. मी नाजूक नव्हते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी बॉक्सिंगच्या सरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "एक किलो भी कम मत करना. मिडलवेट है तू." माझ्या वजनावर खूश झालेला तो पहिला माणूस.

दोन वर्षं मी रोज सकाळी टेकडीच्या पायऱ्या धावत चढले. व्यायामानं पोरगी बारीक होईल, असं आबांना वाटत होतं.

राज्याच्या संघाची निवड धारला झाली. शेवटच्या लढतीत, दुसऱ्या राउंडला, समोरच्या मुलीनं माझा डावा डोळा सुजवला. तिसऱ्यात मी तिला दोरांशी कोंडलं आणि सुटू दिलं नाही. पंचांनी माझा हात वर केला. बसमधून घरी येताना मला एकाच डोळ्यानं दिसत होतं आणि मी हसत होते.

आठ दिवसांनी यादी लागली. पंचाहत्तर किलोच्या गटासमोर माझ्याकडून हरलेल्या मुलीचं नाव होतं.

वशिला लागला, दुसरं काय! मी तडक संघटनेच्या सचिवांकडे गेले आणि टेबलावर हात आपटला. त्यांनी शांतपणे फाइल उघडली. "बेटा, हम पर क्यों चिल्ला रही हो? आपके पिताजी ने ही लिखकर दिया है."

अर्ज हिंदीत होता. मुलीची तब्येत ठीक नाही, संघाच्या सराव शिबिराला येऊ शकणार नाही. खाली आबांची सही.

मी घरी पोचले तेव्हा आबा जेवायला बसले होते.

"माझी तब्येत कधी बिघडली, आबा?"

"रविवारी ग्वाल्हेरचे पाहुणे तुला पाहायला यायचेत," ते ताटातून मान वर न करता म्हणाले. "असले डोळे-नाक घेऊन सासरी जायचंय का?"

"मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात?"

आई पोळी वाढत होती. ती म्हणाली, "आधी हातपाय धू, मग बोल." म्हणजे तिलाही ठाऊक होतं. ठोसा कुठे, कसा मारायचा हे मला शिकवलेलं होतं. त्या दुपारी मला पहिल्यांदा माझ्याच हातांची भीती वाटली. मी खोलीची कडी लावून घेतली आणि मनगटं दुखेस्तोवर गादी बडवली.

रविवारी पाहुणे आले. माझ्या डोळ्याखाली अजून पिवळट डाग होता. मुलाच्या आईनं विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "जिन्यावरून पडली."

"पडले नाही," मी म्हटलं. "मॅच खेळले, जिंकले. तुम्ही येणार म्हणून आबांनी माझं नाव काढून घेतलं."

चहा अर्धाच टाकून ते उठले. आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

पुढच्या वर्षी निवडीच्या फॉर्मवर मी घरच्या नंबराऐवजी सरांचा नंबर लिहिला. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचले. पहिली लढत जिंकले. दुसरी पाच पंचांच्या तीन-दोन अशा निकालानं हरले. तिच्या बाजूनं गेलेल्या तिसऱ्या पंचाचा मला राग नाही. मला राग आहे तो हुकलेल्या शिबिराचा. त्यानंतरच्या हिवाळ्यात सरावात खांदा निखळला, तो पुन्हा पहिल्यासारखा बसला नाही. एवढीच माझी कारकीर्द.

आता मी गंधवानीच्या सरकारी शाळेत मुलींना खेळ शिकवते. सुट्टीत देवासला जाते. आबा निवृत्त झालेत. त्या राष्ट्रीय स्पर्धेतला माझा फोटो त्यांनी बैठकीत लावलाय. मागच्या दिवाळीत ते शेजाऱ्यांना दाखवत होते. "आमच्याकडे, भिया, मुलींना पहिल्यापासून मोकळीक."

"धारच्या निवडीच्या वेळी नव्हती," मी म्हटलं.

"चारचौघांत जुनं कशाला उकरतेस?"

"मग तो फोटो भिंतीवरून उतरवा."

ते हसले, शेजाऱ्यांकडे पाहून. मी खुर्चीवर चढले, फोटो उतरवला, बॅगेत घातला आणि फराळाला न थांबता चारची बस पकडली.