शिफ्ट सुटल्यानंतरचं ट्रेनिंग

चाकणच्या कंपनीत नऊ वर्षं मी एकाच लाइनवर वायरिंग जोडत होते. माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं लाइन लीडर झाली, आणि मला तिसऱ्यांदाही मुलाखतीला बोलावलं नाही. डोकंच फिरलं माझं. सुपरवायझर बायकांना मुद्दाम मागे ठेवतात, हे मी धरूनच चालले होते. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर त्यांना फाडफाड बोलले.

ते बिचारे ताट ठेवून उठले आणि मला लाइनवरच्या बोर्डापाशी घेऊन गेले. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे एकेका मशीनचा गोल असतो. मशीन शिकलं की गोल काळा करतात. सगळे गोल भरले तरच मुलाखत. माझे दोन मोकळे होते. मी खालपर्यंत बघत गेले, तर आम्हा अकराही बायकांचे तेच दोन मोकळे. पुरुषांचे मात्र बहुतेक भरलेले.

"या दोन मशीनचं ट्रेनिंग कधी असतं, साहेब?"

"शिफ्ट सुटल्यावर. चार ते पाच."

"आणि आमची राजगुरुनगरची कंपनीची बस पावणेचारला सुटते. नंतर दुसरी नाही."

ते पुन्हा बोर्डाकडे बघू लागले. त्यांच्या खरंच कधी लक्षात आलं नव्हतं. पोरांकडे मोटारसायकली, ती थांबायची. आम्ही पळत बस गाठायचो, आणि ऑफिसात समज काय, तर बायकांना पुढे जायची हौस नाही! अहो, आम्हीसुद्धा एकमेकींना तेच म्हणत होतो. त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकराही जणी मॅनेजरच्या केबिनसमोर उभ्या राहिलो. सवलत नको, ट्रेनिंग शिफ्टच्या आत घ्या, एवढंच मागणं. उत्पादन घटेल म्हणून त्यांनी कुरकुर केली. तेव्हा सुपरवायझरच म्हणाले, त्या तासाला यांच्या जागी मी स्वतः लाइनवर उभा राहतो. मग तीन महिने करून बघायचं ठरलं.

दोन महिन्यांत माझे गोल भरले. पुढच्या मुलाखतीला पाच जण होते, त्यात तिघी आम्ही. लाइन लीडर मी झाले, आणि ट्रेनिंगही शिफ्टच्या आतच कायम झालं. पहिल्या सकाळी लाइनसमोर उभी राहून काम वाटून देताना आवाज खणखणीत निघाला.

परवा शेजारच्या लाइनवर जागा निघाली. निवड झाली ती या सगळ्यानंतर कामाला लागलेल्या एका मुलीची. तिला कुणाशी भांडावं लागलं नाही. ट्रेनिंग कधीकाळी शिफ्टनंतर असायचं हे तिला ठाऊकही नाही, आणि मला त्याचा केवढा आनंद होतो म्हणून सांगू!